अकरा चित्रांचे डोळे

माणसाचा हात कधीच स्थिर नसतो, हे मी गेली सात वर्षं लोकांना सांगते आहे आणि दर वेळी कोणीतरी आपला हात पुढे धरून मला खोटं ठरवायला बघतो. तसा धरलेला हात मलाही स्थिरच दिसतो. पण स्नायू सलग ओढत नाहीत, मेंदूकडून इशारे येतील तसे छोट्या छोट्या हिसक्यांनी ओढतात. म्हणून अगदी धडधाकट माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा थरथरतो. तुमचा, माझा, शल्यविशारदाचा, सगळ्यांचाच.

ओल्या तैलरंगातून कुंचला फिरला की ही थरथर रंगात उतरते आणि रंग वाळला की तिथेच राहते. आमचं यंत्र प्रकाशाच्या झोतानं रंगाच्या थरावरचे चढउतार मोजतं, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतक्या बारकाईनं, आणि त्यातून हाताची लय वेगळी काढतं. ती लय एकेरी नसते. मनगटाची, खांद्याची, श्वासाची, नाडीची अशा पाच-सहा लयी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि ते मिश्रण प्रत्येकाचं वेगळं असतं. सहीची नक्कल करता येते, हिची करता येत नाही, कारण आपली लय कोणती हे ज्याचं त्यालाच ठाऊक नसतं. कागदोपत्री यंत्राचं नाव लांबलचक आहे. खारघरच्या आमच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे चुगलखोर म्हणतात.

२०४३ च्या जानेवारीत आर्थिक गुन्हे शाखेच्या निरीक्षक फरजाना मुजावर अकरा चित्रं घेऊन माझ्याकडे आल्या. चित्रं अनंत साठविलकरांची, किंवा त्यांची म्हणून विकली गेलेली. साठविलकर म्हणजे मिठागरांतल्या माणसांचे चित्रकार. पेणमध्ये राहिले, पेणमध्येच २०३३ साली गेले. त्यांची मीठ ओढणारी बाई शाळेच्या पुस्तकात होती, त्यामुळे माझ्या पिढीतल्या कोणालाही 'साठविलकरांचे डोळे' म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. खोलीत कुठेही उभे राहा, ती बाई तुमच्याकडेच बघत असते.

मुजावर मॅडम मुद्द्याचं बोलणाऱ्या. साठविलकरांच्या मृत्यूनंतर ही अकरा चित्रं त्यांच्या पुतण्यानं विकली आणि 'ही सरांचीच' असं प्रमाणपत्र त्यांचा शिष्य श्रीरंग कानडे यानं दिलं. मग एका खरेदीदारानं रंगाचं वय तपासून घेतलं. अंगाचा, कपड्यांचा, पार्श्वभूमीचा रंग साठविलकर हयात असतानाचा निघाला, पण डोळ्यांचा रंग त्यांच्या मृत्यूनंतरचा. मेलेला माणूस डोळे कसे रंगवेल? तेव्हा चित्रं बनावट आणि बनवणारा श्रीरंग, असा गुन्हा दाखल झाला. पुतण्या परदेशात निघून गेला. श्रीरंग चौदा महिने तुरुंगात होता.

"चित्रं सरांची आहेत, एवढं एकच वाक्य बोलतो," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांचं विचारलं की तोंडाला कुलूप. सोमवारी जामिनाची सुनावणी आहे. तुमचं यंत्र काय म्हणतं ते मला त्याआधी हवंय."

मी विचारलं की डोळे श्रीरंगचे नाहीत असं निघालं तर तो सुटेल का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसरा हात कोणाचा ते कळलं नाही, तर श्रीरंगनं भाडोत्री माणूस आणून बनावट चित्रं करवली असंच कोर्ट धरणार, आणि मग बनावटगिरीच्या जोडीला कटाचं कलम लागणार. त्याला वाचवायचं तर तो दुसरा माणूस समोर यायला हवा आणि काय घडलं ते त्यानं सांगायला हवं.

चुगलखोराला अकरा चित्रं वाचायला दोन दिवस लागले. चेहरे, हात, लुगडी, मिठाचे ढीग, सगळं साठविलकरांचं निघालं. डोळे साठविलकरांचे नव्हते आणि पोलिसांनी घेतलेल्या नमुन्याशी ताडल्यावर श्रीरंगचेही नव्हते. इथे माझं काम संपलं होतं. 'अज्ञात हात' असं लिहून मी मोकळी झाले असते. पण खाजवून खरूज काढायची मला सवयच आहे. आमच्या साठ्यातल्या झाडून सगळ्या नमुन्यांशी ते डोळे ताडून बघायला मी यंत्राला सांगितलं आणि चहा घ्यायला गेले. परत आले तेव्हा पडद्यावर उत्तर होतं: नमुना ०१७.

यंत्र नवं होतं तेव्हा त्याला शिकवायला हात हवे होते. म्हणून २०३८ साली आम्ही आपापल्या घरच्यांनाच आणून बसवलं होतं. नावं गुप्त, कागदावर नुसते आकडे. कोणता आकडा कोणाचा, ते ज्यानं माणूस आणला त्यालाच माहीत. सतरा नंबरचं कार्ड मी लिहिलं होतं. ते माझे बाबा.

मोरेश्वर म्हात्रे, पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षं डोळ्यांची आखणी करणारे. ज्यांना कारखाना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मूर्तीचं अंग एक जण रंगवतो, शेला दुसरा, दागिने तिसरा. डोळे सगळ्यांत शेवटी आणि ते एकाच माणसाचे. आखणीला बसलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही, त्याच्या मागून कोणी जात नाही. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं की तुमचं नाव का नाही लिहीत खाली. गनपतीवर कोनी सही करतं का, असं म्हणून ते हसले होते.

साठ्यात संग्रहालयातल्या चार चित्रांच्याही नोंदी होत्या, ज्यांच्याबद्दल कोणाला कधी शंका आली नव्हती अशा. त्यांचेही डोळे मी ताडून पाहिले. चारही सतरा नंबरचे. सगळ्यांत जुनं २००९ चं, तेच शाळेच्या पुस्तकातलं. महाराष्ट्रानं तीस वर्षं ज्या नजरेचं कौतुक केलं, ती माझ्या घरात जेवायला बसत होती आणि मला पत्ता नव्हता.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण लयींचा आलेख समोर होता. २०२९ च्या चित्रापासून बाबांच्या लयीत एक नवी लय शिरलेली दिसत होती, संथ, सेकंदाला पाचच्या आसपास. ही लय आम्ही सगळे ओळखतो, ती कंपवाताची. डोळ्यांना दिसायच्या कितीतरी वर्षं आधी ती रंगात दिसते. आजार जुन्या लयी पुसत नाही, त्यांच्यात आपली एक घालतो, म्हणूनच यंत्राला बाबा ओळखता आले. वर्षागणिक ती लाट वाढत गेली होती आणि अकरा चित्रांत तर उंच उसळ्या मारत होती.

बाबांच्या आजाराचं निदान २०३७ सालचं. आणि २०३५ साली कारखान्यानं त्यांना काढून टाकलं होतं, कारण हात कापतो, आणि कापतो म्हणजे पितो, असं सगळं पेण म्हणत होतं. मीही म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, भर अंगणात चार शेजाऱ्यांसमोर त्यांना म्हटलं की आई गेली ते बरं झालं, तिला हे बघावं लागलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी त्या घरात पाय ठेवला नाही. मग निदान झालं, मी धावत गेले, औषधं, डॉक्टर सगळं केलं आणि मनाशी हिशेब जुळवून टाकला की दारू तेव्हा होती, आजार नंतर आला. तो हिशेब खोटा होता. मी त्यांना दारुडा म्हटलं त्याच्या सहा वर्षं आधीपासून ते आजारी होते. मला त्या खुर्चीत बसवेना.

शनिवारी दुपारी पेणला गेले. बाबा ओटीवर बिरडं सोलत बसले होते. भिजवून मोड आणलेला वाल चिमटीत धरून साल काढायची, हे काम कंपवाताच्या माणसाला जन्मात जमायचं नाही. पण गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूत बारीक तार बसवली आहे आणि गळ्याच्या हाडाखाली तिची बॅटरी. आजाराची लाट उठली की तार तिच्या उलटी लाट सोडते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. तेव्हापासून ते स्वतःच्या हातानं जेवतात, शर्टाची बटणं लावतात आणि कोणी आलं की मुद्दाम बिरडं घेऊन बसतात.

मी सगळं सांगितलं. अकरा चित्रं, श्रीरंग, तुरुंग. शेवटचा शब्द ऐकून त्यांची चिमूट थांबली. ते बातम्या बघत नाहीत, टीव्हीवर फक्त भजनं लावतात, त्यामुळे त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"चवदा म्हयनं?" ते म्हणाले. "मना वाटलं, तो पन लोकांसारखा इसरला. दर गनपतीला यायचा."

मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली. २००८ च्या दसऱ्यानंतर साठविलकर कारखान्यात आले, दोन दिवस नुसते बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले की मोरूभाऊ, माझी माणसं आंधळी होतात, तुम्ही या. बाबा गेले. डोळे रंगवताना साठविलकर त्यांना खोलीत एकटं सोडायचे आणि स्वतः बाहेर पायरीवर बसायचे. पुढची पंचवीस वर्षं तशीच गेली. नाव काढायचं नाही, हे ठरवलं बाबांनी. साठविलकरांनी दोनदा विचारलं होतं, चित्रामागे तरी लिहू का म्हणून. बाबा नाही म्हणाले. अंग ज्याचं, मूर्ती त्याची, हा कारखान्याचा नियम त्यांनी तिथेही लावला. साठविलकर गेले तेव्हा अकरा चित्रं डोळ्यांवाचून राहिली होती. श्रीरंग विचारायला आला की यांचं काय करायचं. त्यानं रंगवा असं म्हटलंच नव्हतं.

"बिनडोल्यांची मूर्ती कारखान्यान कोनी ठेवतं काय?" बाबा म्हणाले. "येक त डोले काराचे, नायतर परत मातीन मिलवाची. अकरा मानसं भितीला टेकून उभी, आनि येकालाय दिसत नाय. सरांची मानसं मी मातीन कशी घालू?"

मूर्तीचा नियम चित्राला लागत नाही, कायद्यात याला दुसरं नाव आहे, हे मी त्यांना समजावू लागले. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की कायद्याचंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटतंय.

मग मी जे सांगायला आले होते ते सांगितलं, आणि ते सांगताना मला माझी लाज वाटत होती. सतरा नंबर कोणाचा हे फक्त मला माहीत आहे. संशोधनासाठी घेतलेला नमुना कोर्टात चालत नाही, पंचांसमोर नवा घ्यावा लागतो. आणि नवा घेतला तरी तार चालू असताना हातात तिचीच लय उतरते, तेव्हा तुमचा हात जुळणारच नाही. मी 'अज्ञात हात' लिहिलं तर तुम्हाला कोणी शोधू शकणार नाही. ऐंशीव्या वर्षी पोलीस, कोर्ट, वर्तमानपत्रं हे सगळं तुम्हाला झेपणार नाही.

"श्रीरंगला झेपतंय?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यांनी एक वाल सोलला, पातेल्यात टाकला आणि विचारलं की अकरांत सगळ्यांत वाईट डोळे कोणाचे झालेत, तुझं यंत्र सांगतं का. मी म्हटलं, अकराव्या चित्रातल्या म्हातारीचे. डोक्यावर टोपली आणि नजर खाली. तिच्या झुकलेल्या पापण्यांवर एका समीक्षकानं अख्खा लेख लिहिला होता की चित्रकारानं आयुष्यभर बघणारे डोळे रंगवले आणि अखेरीस नजर आत वळवली.

"आत कनची वलते," बाबा म्हणाले. "हात पार गेलता. बुबुल जमना. मंग पापनी खाली घेतली."

आता विचारलं नाही तर पुन्हा कधीच विचारणार नाही असं मला वाटलं. "बाबा, तुम्ही पीत नव्हता."

"नव्हतो."

"मग सांगितलं का नाहीत? मला तरी?"

"दारुरा बोलले त लोकांना वाटतं, सुटंल येक दिवस. हात गेला बोललो असतो, त कारखान्यान परत कोनी उभा केला असता?" त्यांनी पुढचा वाल उचलला. "आनि तू इचारलं कुठं, पोरी? तू सांगून गेलीस."

मी रडले. ओटीवर, दिवसाढवळ्या, रस्त्यावरून लोक जात असताना रडले. आठ वर्षांपूर्वी त्याच लोकांसमोर बोलले होते, तेव्हा हे त्यांनी पाहायलाच हवं होतं. बाबांनी वाल बाजूला सारले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मुजावर मॅडमना फोन लावून दे म्हणाले.

मी फोन लावला. मॅडमनी पहिलं काम केलं ते मला या प्रकरणातून बाहेर काढण्याचं. तेच योग्य होतं. त्यांनी बाबांना स्पष्ट सांगितलं की तुम्हाला साक्षीदार धरायचं की आरोपी, ते कोर्ट ठरवेल, मी शब्द देणार नाही. बाबा बरं म्हणाले. मॅडमनी संग्रहालयालाही कळवलं, तर त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेला संग्रहालयाच्या वकिलांची नोटीस आली की त्यांच्या चार चित्रांबद्दल कोणी काही बोलू नये.

सोमवारी सकाळी दोन पंच, एक डॉक्टर, मुजावर मॅडम आणि माझे सहकारी देवव्रत पाटोळे असे सगळे प्रयोगशाळेतल्या खोलीत जमले. बाबांची मुलगी म्हणून मला भिंतीशी एक खुर्ची मिळाली. बाबा नवा सदरा घालून आले होते आणि आपले दोन कुंचले त्यांनी फडक्यात गुंडाळून आणले होते. समोर छोटा कॅनव्हास, त्यावर पाटोळ्यांनी एका चेहऱ्याची नुसती बाह्यरेषा काढून ठेवलेली.

बाबांनी तार चालू ठेवून उजवा डोळा काढला. सहा-सात मिनिटांत झाला आणि असा झाला की दोघांपैकी एक पंच नकळत बाजूला सरकला. यंत्रानं उत्तर दिलं की हा हात नोंदीतल्या कोणाशीही जुळत नाही. पाटोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं की बाबा आता उठून घरी जाऊ शकतात.

बाबांनी तार बंद करायला डॉक्टरांकडे रिमोट मागितला. डॉक्टरांनी धोका समजावला. कंप एकदम उसळेल, मान धरेल, बोलताना त्रास होईल. बाबांनी सही करून संमती दिली आणि बटण स्वतःच दाबलं. मग उठून रिमोट माझ्या हातात आणून दिला आणि मी म्हणेपर्यंत लावू नको म्हणाले.

आधी अंगठा हलू लागला, मग मनगट, मग कोपर. वर्षभर मी हे पाहिलं नव्हतं आणि आता कधी बघावं लागणार नाही असं धरून चालले होते. कुंचला रंगात बुडवताना वाटीचा काठ टकटक वाजत राहिला. डाव्या डोळ्याची वरची कड काढायला त्यांना चार प्रयत्न लागले. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरून, श्वास रोखून, रेघ थोडी थोडी पुढे नेत होते. तेवढ्यात यंत्राचा दिवा लागला. अर्धी पापणी पुरली होती. अकरा चित्रांतले डोळे आणि हा हात एकच, आता कुठलीही शंका नाही, असं पाटोळ्यांनी वाचून दाखवलं.

मी उठले. रिमोट हातातच होता. डॉक्टरही लावा म्हणाले.

"थांब," बाबा म्हणाले. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. "येक डोला बाकी हाय."

मला माझा अंगठा त्या बटणावरून काढायला फार जड गेलं. पण काढला आणि खाली बसले. पुढची वीस मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही, कोणी त्यांच्या मागून गेलं नाही. कोणी सांगितलं नव्हतं तरी सगळे कारखान्यातल्या माणसांसारखे वागले. डोळा झाला. उजव्याहून तो लहान झाला, कडेला रंग फुटला आणि बुबुळ जरासं वर चढलं.

मुजावर मॅडमनी हळू आवाजात सांगितलं की पंचनाम्यासाठी कॅनव्हासवर खाली पूर्ण नाव लागेल. आता तार चालू करून सही करा, घाई नाही, असंही त्या म्हणाल्या. बाबांनी मान हलवून नको म्हटलं.

"डोला कारला तो हात," ते म्हणाले, "सही पन तोच करील."

त्यांनी कुंचला पुन्हा रंगात बुडवला. त्या दोन डोळ्यांच्या खाली, ऐंशी वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या कामावर, ते आपलं नाव लिहू लागले. अक्षरं वर-खाली गेली, 'श्व' दोनदा गिरवावा लागला आणि शेवटची मात्रा कॅनव्हासच्या बाहेर टेबलावर उमटली. मोरेश्वर पांडुरंग म्हात्रे. मग त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली, तेव्हा मी बटण दाबलं.